लुईव्हिल १९८९ : प्रोझॅक, एके-४७ आणि परस्पर मिटवलेला खटला

अमेरिकेत कुठे शाळेत नाहीतर चर्चमध्ये गोळीबार झाला की दुसऱ्या दिवशी एक प्रश्न हमखास येतो, "तो डिप्रेशनच्या औषधांवर होता का?" मग दोन्हीकडची मंडळी आपापली उदाहरणं घेऊन बसतात. कोलंबाइन शाळेतला गोळीबार (१९९९) तर सगळ्यात आधी तोंडावर फेकला जातो, की बघा हल्लेखोर एरिक हॅरिसच्या रक्तात फ्लुव्होक्झामिन हे अशाच गटातलं औषध सापडलं होतं, पण त्याच्या बरोबरीने गोळ्या झाडणाऱ्या डिलन क्लेबोल्डच्या रक्तात असलं काहीच नव्हतं हे सांगायला कुणी थांबत नाही. हा वाद कोलंबाइनपासून सुरू झाला असंही बऱ्याच जणांना वाटतं. तो त्याच्या दहा वर्षं आधी सुरू झाला, केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात, प्रोझॅक या डिप्रेशनच्या औषधावरून, आणि ती केस नीट उघडून बघितली तर आजची निम्मी भांडणं त्यात जशीच्या तशी सापडतात.

मी पुण्यात फार्माकोव्हिजिलन्समध्ये आहे. म्हणजे कुणाला औषध घेतल्यावर काही त्रास झाला की त्याचा रिपोर्ट येतो, तो वाचायचा, कोड करायचा, नॅरेटिव्ह लिहायचं आणि शेवटी "हे औषधामुळे झालं असावं का" या रकान्यात एक शब्द टाकायचा. दिवसभर हेच. त्यामुळे ही केस मी त्याच डोळ्याने वाचली, वकिलाच्या किंवा पत्रकाराच्या नाही.

आधी काय घडलं ते. १४ सप्टेंबर १९८९, गुरुवार, सकाळी साडेआठच्या सुमारास जोसेफ वेसबेकर नावाचा ४७ वर्षांचा माणूस स्टँडर्ड ग्रॅव्ह्यूर या छपाईच्या कंपनीत शिरला. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या, जाहिरातींची पानं असलं काम तिथे व्हायचं. हा तिथलाच जुना प्रेसमन, आजारपणाच्या रजेवर असलेला. बरोबर एके-४७ च्या जातीची सेमी-ऑटोमॅटिक रायफल आणि बॅगेत आणखी पिस्तुलं. लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर गेला, जिथे साहेब लोकांची ऑफिसं होती, लिफ्टचं दार उघडल्या उघडल्या रिसेप्शनवर गोळ्या झाडल्या, आणि मग तिथून खाली बाइंडरी, प्रेसरूम असं करत फिरत राहिला. वाटेत एक जुना सहकारी भेटला, त्याच्याशी याचं बरं होतं. त्याला म्हणाला, मी परत येईन असं सांगितलं होतं ना यांना, तू बाजूला हो. त्याला काही केलं नाही. अर्ध्या तासात ८ माणसं मेली, १२ जखमी झाली, आणि शेवटी त्याने पिस्तुलाने स्वतःला संपवलं.

हे "तू बाजूला हो" मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण औषधाने माणूस भ्रमिष्ट होऊन दिसेल त्याच्यावर सुटला असं जे चित्र नंतर रंगवलं गेलं त्यात हे बसत नाही. कुणाला सोडायचं हे त्याला कळत होतं.

आता थोडं मागे जाऊ. वेसबेकर वर्षाचा असताना वडील चर्चच्या छपरावरून पडून गेले, पुढे बरंचसं बालपण आजीकडे, मध्ये काही काळ अनाथाश्रमात. नववीत शाळा सोडली. १९६० मध्ये छपाईच्या धंद्यात शिरला आणि १९७१ मध्ये स्टँडर्ड ग्रॅव्ह्यूरमध्ये. कामाला वाघ, ओव्हरटाइम करणारा, पैसे राखून असणारा. दोन लग्नं, दोन्ही मोडली. १९७८ ते १९८७ मध्ये निदान तीनदा मनोरुग्ण म्हणून ॲडमिट झालेला, डायग्नोसिस मॅनिक डिप्रेशनच्या आसपास फिरणारं, आत्महत्येचे प्रयत्न अनेक. म्हणजे प्रोझॅक बाजारात यायच्या कितीतरी आधीपासून हा माणूस गंभीर आजारी होता.

आणि मग ते फोल्डर. गोष्टीतला हा भाग लोक दोन ओळीत उडवतात, माझ्या मते खरा पीळ इथे आहे. रोटरी प्रेसमधून छापलेला कागद प्रचंड वेगाने बाहेर पडतो, तो कापून त्याच्या घड्या घालणारं मशीन म्हणजे फोल्डर. तिथे उभं राहणाऱ्याला डोळ्यात तेल घालून राहावं लागतं, कागद फाटला की सगळी लाइन बंद आणि शिव्या याला. वेसबेकरचं म्हणणं होतं की मला या कामाने त्रास होतो, माझी तब्येत बरी नाही, मला फोल्डरवर लावू नका. वरचे ऐकेनात. १९८७ मध्ये त्याने काउंटीच्या ह्युमन रिलेशन्स कमिशनकडे रीतसर तक्रार केली, की माझ्या मानसिक आजारामुळे माझ्याशी भेदभाव होतोय. त्याची तपासणी झाली आणि आजार खराच आहे असं निघालं. शेवटी ऑगस्ट १९८८ पासून तो रजेवर गेला. शिवाय छपाईच्या शाईत टोल्युइन हे उग्र वासाचं रसायन असायचं, त्या वासात वर्षानुवर्षं काम, आणि स्वतःची चक्कर, विसरभोळेपणा तो त्याच्यावर ढकलायचा.

तर ऑगस्ट १९८८ ते मे १९८९ या काळात त्याने बंदुका जमवल्या. त्या रीतसर दुकानातून, कायद्यात बसवून. सहकाऱ्यांनी नंतर सांगितलं की रजेवर जायच्या आधीच हा वरिष्ठांना मारायला माणूस ठेवावा का, रिमोटच्या खेळण्यातल्या विमानात स्फोटकं भरून कंपनीवर सोडावं का, असलं बोलायचा. कुणी मनावर घेतलं नाही, नेहमीचंच बोलतोय म्हणून. घरात पोलिसांना टाइम मासिकाचा फेब्रुवारी १९८९ चा अंक सापडला. त्यात कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनच्या शाळेत पॅट्रिक पर्डीने केलेल्या गोळीबारावर लिहिलेलं होतं, आणि पर्डीकडेही एके-४७ च्याच जातीची रायफल होती.

इथपर्यंत प्रोझॅकचा संबंध नाही. आता येतो.

प्रोझॅक म्हणजे फ्लुओक्सेटिन, एलाय लिली कंपनीचं. अमेरिकेत मंजुरी डिसेंबर १९८७ मध्ये, दुकानात आलं १९८८ च्या सुरुवातीला. वेसबेकरच्या सायकियाट्रिस्टने, डॉ. ली कोलमन यांनी, ऑगस्ट १९८९ मध्ये ते त्याला लिहून दिलं. ११ सप्टेंबरला, म्हणजे गोळीबाराच्या तीन दिवस आधी, तो कोलमनकडे गेला तेव्हा डॉक्टरांना पेशंट एकदम बिघडलेला दिसला. बोलणं भरकटलेलं, सेशनमध्ये रडतोय, अस्वस्थ, चिडलेला. कामावर झालेल्या एका अतिशय घाणेरड्या अपमानाची आठवण सांगत होता आणि वर म्हणत होता की प्रोझॅकमुळे मला हे आठवायला मदत झाली. कोलमननी नोट्समध्ये लिहून ठेवलं की अस्वस्थता वाढलीय, ती प्रोझॅकमुळे असू शकते, प्रोझॅक बंद करायचं. हॉस्पिटलमध्ये ॲडमिट हो असंही सांगितलं. तो नाही म्हणाला.

त्या नोटने पुढची पस्तीस वर्षं वाद पुरवला आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर घटना घडायच्या आधीच, उपचार करणाऱ्या डॉक्टरने, स्वतःच्या हाताने औषधावर संशय लिहून ठेवलाय. असा रिपोर्ट रोज येत नाही. सहसा काहीतरी होतं आणि मग सगळे मागे वळून औषधाकडे बोट दाखवतात, इथे उलटं आहे.

तर ही केस माझ्या टेबलावर आली असती तर मी काय केलं असतं? पहिलं, टाइम टू ऑनसेट. औषध सुरू केल्यावर महिन्याभरात अस्वस्थता वाढली, हे बसतं. एसएसआरआय गटाच्या औषधांनी (प्रोझॅक याच गटातलं) पहिल्या काही आठवड्यात किंवा डोस बदलल्यावर काही लोकांना अकाथिझिया होतो, म्हणजे आतून अशी तगमग की माणूस बूड टेकवत नाही, येरझाऱ्या घालतो, झोप उडते, चिडचिड होते, आणि काही जणांना ते इतकं असह्य होतं की जीव द्यावासा वाटतो. हे कुणी रचलेलं नाही, माहीत असलेला, नोंदवलेला प्रकार आहे. म्हणजे शक्यतेच्या बाजूने एक मत पडलं.

दुसरं, डीचॅलेंज, म्हणजे औषध थांबवल्यावर त्रास कमी झाला का. इथे उत्तर मिळतच नाही. फ्लुओक्सेटिन शरीरातून जायला दिवसच्या दिवस घेतं, आणि त्याच्यापासून शरीरात तयार होणारं नॉरफ्लुओक्सेटिन तर त्याहून जास्त रेंगाळतं, आठवडा दोन आठवडे सहज. ११ तारखेला थांबवलं असं धरलं तरी १४ तारखेला तो औषधाखालीच होता. शवविच्छेदनात फ्लुओक्सेटिन सापडलं, इतर सायकियाट्रिक औषधांचे अंशही सापडले, त्यामुळे तिसरा मुद्दा पण अडकतो, एकट्या प्रोझॅकवर बोट कसं ठेवणार? रीचॅलेंजचा, म्हणजे औषध परत देऊन बघण्याचा, तर प्रश्नच नाही, माणूसच गेला.

आणि चौथं म्हणजे जुना आजार, जो आमच्याकडच्या प्रत्येक सायकियाट्रिक केसमध्ये मध्ये येतोच. माणूस बिघडत चालला म्हणून डॉक्टरने नवीन औषध दिलं, आणि मग माणूस अजून बिघडला. आता हे बिघडणं औषधामुळे, की जे बिघडणं थांबवायला औषध दिलं होतं तेच पुढे सरकत राहिलं म्हणून? एका केसमधून हे वेगळं काढता येत नाही, कुणालाच नाही, आणि जो म्हणतो मला येतं त्याच्यापासून जरा लांब बसावं.

जागतिक आरोग्य संघटनेची जी पद्धत आम्ही वापरतो त्यात पायऱ्या असतात, सर्टन, प्रोबेबल, पॉसिबल, अनलाइकली वगैरे. मी या केसला दोन भागात तोडतो. "सप्टेंबरमध्ये वाढलेली अस्वस्थता" या घटनेला पॉसिबल, आणि डॉक्टरची नोट बघता कुणी प्रोबेबलच्या जवळ नेलं तरी मी भांडणार नाही. "गोळीबार" या घटनेला मात्र पॉसिबलच्या वर काहीच नाही, आणि तेही नाइलाजाने. कारण राग आधीचा, बेत आधीचा, बंदुका आधीच्या. औषधाने फार तर पेटलेल्यात तेल ओतलं असेल. ओतलं की नाही हे तपासायची जागा एकच होती आणि ती म्हणजे कोर्ट, जिथे कंपनीची आतली कागदपत्रं शपथेवर बाहेर येणार होती.

कोर्टाकडे जायच्या आधी मधल्या दोन गोष्टी पटकन. फेब्रुवारी १९९० मध्ये हार्वर्डच्या मार्टिन टायशर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्रीमध्ये फ्लुओक्सेटिन सुरू केल्यावर ज्यांच्या डोक्यात आत्महत्येचे तीव्र विचार शिरले अशा सहा पेशंटची माहिती छापली. त्यातच चर्च ऑफ सायंटॉलॉजी या पंथाच्या एका संस्थेने वेसबेकरची केस उचलून प्रोझॅकवर बंदी घाला म्हणून एफडीएकडे, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेकडे, अर्ज केला. सायंटॉलॉजीवाल्यांचा सगळ्या सायकियाट्रीलाच विरोध, त्यामुळे झालं काय, की प्रोझॅकबद्दल साधी शंका काढणारा माणूससुद्धा "हा त्यांच्यातला दिसतोय" म्हणून उडवला जायला लागला. कंपनीला यापेक्षा सोयीचा विरोधक मिळाला नसता. सप्टेंबर १९९१ मध्ये एफडीएच्या तज्ज्ञ समितीने सुनावणी घेऊन सांगितलं की औषधाने आत्महत्या किंवा हिंसा होते असा विश्वासार्ह पुरावा नाही.

आता खटला. मेलेल्यांचे नातेवाईक आणि वाचलेले कामगार यांनी एलाय लिलीवर केस टाकली, फेन्ट्रेस विरुद्ध एलाय लिली या नावाने ती ओळखली जाते. सप्टेंबर १९९४ च्या शेवटी लुईव्हिलमध्ये जज जॉन पॉटर यांच्यापुढे सुरू झाली. प्रोझॅकवर तेव्हा शंभराच्या वर खटले लटकलेले आणि ज्युरीपुढे पोचलेला हा पहिलाच, त्यामुळे इथे काय होतं त्यावर बाकीच्यांचं भवितव्य. औषधाची वर्षाची विक्री तेव्हा दीड अब्ज डॉलरच्या पुढे गेलेली. लिलीच्या वकिलांनी वेसबेकरचं अख्खं आयुष्य ज्युरीपुढे मांडलं, बाप मेल्यापासून फोल्डरपर्यंत. फिर्यादीच्या वकिलांनी दाखवलं की प्रोझॅकच्या ट्रायलमध्ये आत्महत्येचा धोका असलेले पेशंट घेतलेच नव्हते आणि अस्वस्थ होणाऱ्यांना शांत करायला बरोबर दुसरी औषधं द्यायची मुभा होती. हा दुसरा मुद्दा माझ्यासारख्याला फार खटकतो, कारण जो साइड इफेक्ट शोधायचाय त्यालाच दुसऱ्या औषधाने झाकून टाकलं तर तो आकड्यात दिसणार कुठून?

मग आला ओराफ्लेक्सचा विषय. ओराफ्लेक्स हे लिलीचं सांधेदुखीवरचं औषध, १९८२ मध्ये अमेरिकेत आलं आणि काही महिन्यातच मागे घ्यावं लागलं. परदेशात त्या औषधाने झालेले मृत्यू एफडीएला वेळेत कळवले नाहीत म्हणून १९८५ मध्ये कंपनीने कोर्टात गुन्हा कबूल केला होता, दंड झाला २५ हजार डॉलर, म्हणजे त्यांच्या हिशोबाने चहापाण्याचा खर्च. पॉटरनी आधी हा पुरावा आत येऊ दिला नव्हता, जुनी भानगड, प्रोझॅकशी संबंध नाही म्हणून. पण लिलीच्याच साक्षीदारांनी ज्युरीपुढे छाती फुगवून सांगितलं की आमची साइड इफेक्ट कळवायची पद्धत किती उत्तम आहे, तेव्हा जज म्हणाले की दार तुम्हीच उघडलंत, आता ओराफ्लेक्स येऊ दे.

फिर्यादीचे वकील याच पुराव्यासाठी जीव तोडून भांडले होते. तो मिळाल्यावर त्यांनी तो मांडलाच नाही.

पॉटर चक्रावले. तुमच्यात काही समझोता झालाय का असं त्यांनी विचारलं, दोन्हीकडून नाही असं उत्तर मिळालं. १२ डिसेंबर १९९४ ला ज्युरीने ९ विरुद्ध ३ असा लिलीच्या बाजूने कौल दिला. केंटकीत दिवाणी खटल्यात १२ पैकी ९ मतं लागतात, म्हणजे काठावर पास. कंपनीने लगेच जाहीर केलं की आमचं औषध सुरक्षित आहे हे कोर्टात सिद्ध झालं.

एवढा मोठा खटला हरून फिर्यादी अपिलात जात नाहीत हे पॉटरना पचेना. त्यांनी खोदायला सुरुवात केली, आणि एप्रिल १९९५ मध्ये स्वतःच पाऊल उचललं की रेकॉर्डवर "लिली जिंकली" असं न राहता "तडजोडीने मिटलं" असं यायला हवं. लिली त्यांच्याविरुद्ध वरच्या कोर्टात गेली. खालच्या कोर्टाचा जज एका बाजूला आणि बलाढ्य औषध कंपनी दुसऱ्या बाजूला, आणि गंमत म्हणजे फिर्यादीचे वकीलही जजच्या बाजूने नाहीत. १९९६ मध्ये केंटकीच्या सुप्रीम कोर्टाने पॉटरना चौकशीचा अधिकार आहे असा निर्णय दिला आणि वर बजावलं की कोर्टाशी गंभीर अप्रामाणिकपणा झालाय, कदाचित फसवणूकसुद्धा असू शकेल. १९९७ मध्ये रेकॉर्ड बदललं. ज्युरी विचार करायला आत जायच्या आधीच दोन्ही बाजूंमध्ये पैशाचं ठरलं होतं, ओराफ्लेक्स मांडायचं नाही आणि निकाल काहीही लागो अपील करायचं नाही, या बोलीवर. आकडा मात्र गुपित राहिला. २०१९ मध्ये लुईव्हिलच्याच कुरियर जर्नलने तो छापला, २ कोटी डॉलर.

मी फिर्यादींना दोष देत नाही. कुणाचा नवरा गेलेला, कुणाच्या अंगात गोळीचे तुकडे अजून तसेच, ज्युरी काय करेल भरवसा नाही, समोर पैसे ठेवलेत, घेणारच माणूस. पण परिणाम असा झाला की पुढची कित्येक वर्षं "कोर्टात सिद्ध झालंय" हे वाक्य एक बाजू वापरत राहिली आणि "कंपनीने दाबलं म्हणजे औषधच खुनी होतं" हे दुसरी. दोन्ही वाक्यांना आधार नाही. लपवलं म्हणजे घाबरले होते एवढं नक्की, पण एवढी विक्री पणाला लागली असताना निर्दोष माणूससुद्धा घाबरून पैसे मोजतो.

दुसरी एक केस मी शेजारी ठेवून वाचतो. वायोमिंगमध्ये १९९८ मध्ये साठीच्या एका माणसाने पॅरोक्सेटिन सुरू केल्यापासून दोन दिवसात बायको, मुलगी आणि तान्ही नात यांना गोळ्या घालून स्वतःला संपवलं. २००१ मध्ये ज्युरीने ८० टक्के जबाबदारी औषध कंपनीवर टाकली, ६४ लाख डॉलर द्यायला सांगितले. यात असं एक होतं जे लुईव्हिलमध्ये नव्हतं, या माणसाला काही वर्षं आधी त्याच गटातल्या फ्लुओक्सेटिनने वाईट रिॲक्शन आलेली होती आणि ती कागदावर होती. आमच्यासाठी हे सोन्यासारखं, जवळजवळ रीचॅलेंजच. शिवाय बंदुका जमवणं, बेत आखणं असलं मागचं काही नाही. म्हणून ती केस लुईव्हिलपेक्षा कितीतरी भक्कम आहे, आणि तरी वादात नाव निघतं ते नेहमी शाळांचं आणि ऑफिसातल्या हत्याकांडांचं, कारण बातमी तिथे मोठी होते. लोक पुरावा म्हणून नेमका सगळ्यात कच्चा माल उचलतात.

नंतर आकडे आले ते बघू. २००४ मध्ये एफडीएने लहान मुलं आणि किशोरवयीनांसाठी डिप्रेशनच्या औषधांवर काळ्या चौकटीतला इशारा लावला, २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. त्यामागे २४ ट्रायल होत्या, साधारण ४४०० मुलं, आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं औषधावर ४ टक्के आणि प्लासिबोवर, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीवर, २ टक्के, प्रत्यक्ष आत्महत्या एकही नाही. म्हणजे १९९१ मध्ये "पुरावा नाही" म्हटलेली गोष्ट, निदान तरुणांपुरती आणि आत्महत्येच्या विचारांपुरती, तेरा वर्षांनी डब्यावर छापावी लागली. हिंसेबद्दल एक मोठं काम स्वीडनमधलं, २०१५ चं. २००६ ते २००९ मध्ये एसएसआरआय घेतलेले ८ लाख ५६ हजार लोक, आणि तुलना त्याच माणसाची त्याच माणसाशी, औषधावर असतानाचा काळ आणि नसतानाचा काळ. मी वर जो जुन्या आजाराचा घोळ सांगितला तो यामुळे बराच कमी होतो. १५ ते २४ वयोगटात औषधावर असताना हिंसक गुन्ह्यात शिक्षा व्हायचं प्रमाण ४३ टक्के जास्त निघालं, मोठ्यांमध्ये तसा ठाम फरक दिसला नाही. आणि तरुणांतही ही वाढ कमी डोस घेणाऱ्यांमध्ये दिसली, म्हणजे औषधाने डोकं फिरलं की पुरेसं औषधच पोटात गेलं नाही, हा प्रश्न तिथेही शिल्लक. तर तरुण पोरांवर सुरुवातीला बारीक लक्ष ठेवा, एवढं नक्की निघतं. वेसबेकर ४७ चा होता.

मास शूटिंगबद्दल थेट बघायचं तर २०१९ मध्ये एफबीआयच्या डेटावरून शाळांमधल्या हल्लेखोरांचा एक अभ्यास झाला, त्यात बहुतेकांवर आधी सायकियाट्रिक औषधांचे उपचार झालेलेच नव्हते असं निघालं. आणि देशादेशांची तुलना केली तर आइसलँड डिप्रेशनची औषधं घेण्यात जगात पहिल्या काही देशांत आहे, तिथे असं काही होत नाही. आता बंदुकीचं बघा. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने ज्याला सक्तीने मनोरुग्णालयात टाकलंय त्याला बंदूक मिळत नाही, पण जो आपणहून ॲडमिट झालाय त्याला मिळते. वेसबेकरसारखा माणूस, अनेकदा जीव द्यायचा प्रयत्न केलेला, दुकानात जाऊन एके-४७ च्या जातीची रायफल विकत घेऊ शकला आणि त्यावर त्या खटल्यात भांडण्यासारखं फारसं काही नव्हतंच, कारण ते कायदेशीर होतं. मला विचाराल तर प्रोझॅकवर अडीच महिने कोर्ट चाललं यातलं एक कारण हेही आहे, की बंदुकीवर चालू शकत नव्हतं.

आपल्याकडे हा विषय व्हॉट्सॲपवरून येतो, "डिप्रेशनच्या औषधाने लोक खुनी होतात" अशा थाटात, आणि मग ओळखीतला कुणीतरी चार महिने बरा चाललेला माणूस डॉक्टरला न विचारता औषध बंद करतो. माझ्याकडे फोन येतात असे. मी एवढंच सांगतो की पहिल्या काही आठवड्यात एकदम तगमग, झोप उडणं, विचित्र चिडचिड सुरू झाली तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरला गाठा, आणि घरच्यांनीही लक्ष ठेवा, पण चालू असलेलं औषध मनाने एकदम सोडू नका, त्याचा त्रास वेगळाच होतो. फ्लुओक्सेटिन शरीरात रेंगाळतं म्हणून ते सोडताना कमी जाणवतं, पॅरोक्सेटिन सोडताना चांगलंच जाणवतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये मिनियापोलिसच्या चर्चमध्ये शाळकरी मुलांवर गोळीबार झाला आणि अमेरिकेचे आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी सांगितलं की या औषधांचा हिंसेशी संबंध आहे का यावर एनआयएच, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य संशोधन संस्था, अभ्यास सुरू करतंय. करू देत, प्रश्न विचारण्यात वावगं काही नाही. फक्त अडचण अशी की मास शूटिंग करणारे लोक संख्येने इतके थोडे आणि ही औषधं घेणारे इतके करोडोंनी, की या दोघांचा थेट हिशोब मांडून काही हाती लागणं कठीण, सिग्नल म्हणण्याइतक्या केसेसच नाहीत. ज्याचा हिशोब मांडता येतो ती गोष्ट म्हणजे ११ सप्टेंबरला कोलमनना जे दिसलं ते, सुरुवातीच्या आठवड्यातली अस्वस्थता, किती जणांना होते, कुठल्या वयात, कुठल्या डोसला, कशाबरोबर घेतल्यावर. ते मोजायला गोळीबाराची गरज नाही, ट्रायलचा कच्चा डेटा आणि शांत करणारी दुसरी औषधं बरोबर न देता केलेली नोंद पुरते.